प्रेताचं काम

प्रेताचं काम करायला डब्लिनच्या मराठी मंडळात एकही माणूस तयार होईना, तेव्हा सगळ्यांना मृणालिनीबाईंची आठवण झाली. एरवी ती गणपतीच्या वर्गणीपुरती होत असे.

हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोतलं. कोलंबस शहराला चिकटलेलं, गावाच्या पाट्यापाट्यांवर आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक रंगवलेलं, आणि त्या पाट्यांमागे राहणारी निम्मी माणसं आयटीतली. खऱ्या आयर्लंडशी या गावाचा संबंध नावापुरता. पण मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र याला तेवढा संबंध पुरला. त्याने जाहीर केलं की यंदा अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत डब्लिन मंडळ आयर्लंडमधल्या खेड्यावरची ब्लॅक कॉमेडी उतरवणार, आणि ‘आपण ऑलरेडी डब्लिनमध्येच आहोत’ हा विनोद त्याने एका मीटिंगमध्ये इतक्या वेळा केला की शेवटी त्याचा तोच हसत होता.

पटकथा मात्र त्याची नव्हती. ती कुमारची होती, मृणालिनीबाईंच्या नवऱ्याची. अमेरिकेत येण्याआधी कुमारने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका आडगावच्या दवाखान्यात उमेदवारी केली होती. तिथे एक म्हातारी एकटीच घरात मेली. रस्ता पुराने बंद, डॉक्टर पोचेपर्यंत दोन पोलिसांना प्रेताजवळ बसून राहावं लागलं. एक राजधानीतून बदलून आलेला, बुटांना आरसा दिसेल इतकं पॉलिश मारणारा. दुसरा गावचाच सार्जंट, ढेरपोट्या, आळशी, म्हातारीच्याच डब्यातली बिस्किटं खाणारा. दोघांचं एका मिनिटालाही पटलं नाही. पोचणारा डॉक्टर म्हणजे कुमार. तो दारात आला तेव्हा पॉलिशवाला गाडीत झोपला होता आणि ढेरपोट्या म्हातारीचा हात हातात घेऊन तिच्याशी बोलत बसला होता. तिथली पद्धतच तशी, मेलेल्याला एकटं ठेवायचं नाही. कुमारने ही गोष्ट मृणालिनीबाईंना लग्न ठरताना सांगितली होती, आणि निवृत्त झाल्यावर लिहून काढली होती. तो गेल्याला दीड वर्ष झालं. त्याने लिहिलेलं दुसरं काहीच नव्हतं, ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोडल्या तर.

तर प्रेत. शूटिंगसाठी प्लेन सिटी नावाच्या गावापुढचं एक शेत मिळालं, दगडी खोपटासकट. ते लग्नांसाठी भाड्याने देतात. देशी लग्नं नेमकी त्या पंधरवड्यात नसल्यामुळे ते रिकामं होतं, आणि देशी लग्नं त्या पंधरवड्यात का नसतात हे शैलेंद्रच्या लक्षात आलं तेव्हा डिपॉझिट भरून झालं होतं. पितृपक्ष. पक्षात प्रेत होऊन झोपायचं म्हटल्यावर मंडळाची शहाणीसुरती माणसं एकेक करून गळाली. एकीची सासू पुण्याहून आलेली होती. एकाला साडेसाती होती. हृदयाचे कृत्रिम व्हॉल्व्ह डिझाइन करणाऱ्या एका इंजिनीअरने सांगितलं की त्याचा स्वतःचा विश्वास नाही, पण उगाच विषाची परीक्षा कशाला.

शेवटी शैलेंद्रची बायको रुचा हिचा फोन आला. “काकू, तुम्ही असलं काही मानत नाही ना? म्हणून म्हटलं. आणि आता काकाही नाहीत, म्हणजे...”

म्हणजे पुढचं तिने गिळलं. मृणालिनीबाईंना ते नीट ऐकू आलं. जिचं कुंकू गेलंच आहे तिला अपशकुन होऊन होऊन काय होणार, असा तो हिशोब होता, एमएस झालेल्या डोक्याने केलेला. त्यांना राग आला, पण त्याहून जास्त किळस आली. चाळीस वर्षं या माणसांच्या श्रीखंडाच्या पंगतीत आपण बसलो, याची.

तरीही त्या हो म्हणाल्या. एका अटीवर. शेवटचा प्रसंग, सार्जंट प्रेताशी बोलतो तो, कुमारने लिहिला तसाच्या तसा घ्यायचा. कारण त्यांना कळलं होतं की शैलेंद्रने शेवट बदललाय. त्याच्या शेवटात म्हातारीचं मांजर उडी मारतं, सार्जंट बेशुद्ध पडतो आणि पडदा काळा होतो. फिल्म जेवणाच्या आधी दाखवणार, लोक हसत हसत पानावर गेले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

“ऑफ कोर्स काकू,” शैलेंद्र म्हणाला. “हंड्रेड पर्सेंट. दोन्ही एंडिंग शूट करू, मग टीम डिसाइड करेल. पण तुमचं शूट होणार म्हणजे होणार.”

मृणालिनीबाई आयुष्यभर भूलतज्ज्ञ होत्या. हंड्रेड पर्सेंट म्हणणाऱ्या सर्जनांवर त्यांनी कधी भरवसा ठेवला नव्हता.

शनिवारी सकाळी त्या खोपटात पोचल्या तेव्हा आयर्लंडची तयारी चालली होती. खिडकीबाहेर पार क्षितिजापर्यंत वाळलेला मका उभा होता, म्हणून खिडकीला हिरवी चादर टांगली होती. ती चादर एका बारशातली होती आणि तिच्या कोपऱ्यात पाळणा विणलेला होता. कॅमेऱ्यावर शंतनू होता, अबोल माणूस, सांगितलं तेवढं करणारा. पलंगाच्या दिशेवरून अर्धा तास वाद झाला, कारण खोपटाच्या मांडणीत प्रेताचे पाय दक्षिणेला येत होते. रुचाने फोनवर होकायंत्र उघडून पलंग तिरका करून घेतला. त्यामुळे दृश्यात कपाट अर्धवट दिसू लागलं, पण दक्षिण टळली. मृणालिनीबाई आडव्या झाल्यावर रुचाने उशीखाली तुळशीचं पान सारलं आणि वर म्हणाली, “असू दे काकू, स्मेलसाठी.”

मग त्या मेल्या. हे काम त्यांना फार सोपं गेलं. निपचित पडलेलं माणूस कसं दिसतं हे त्यांच्याइतकं या जिल्ह्यात कोणी पाहिलं नसेल. श्वास वरच्यावर, जबडा सैल, पापण्या हलक्या. डोळे मिटल्यावर कान तेवढे उरले. दर टेकच्या आधी शंतनूचा कॅमेरा ‘टुक’ असा बारीक आवाज करी, आणि बंद होताना दोनदा. जन्म यंत्रांच्या टुकटुकीत गेल्यामुळे त्यांनी तो दुसऱ्याच टेकला टिपला.

उरलेलं ऐकवत नव्हतं. पॉलिशवाला ऑफिसर अर्थातच शैलेंद्र स्वतः होता. इन्शुरन्स कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलतो त्याच आवाजात तो आयरिश पोलीस झाला होता. ढेरपोट्या सार्जंट म्हणून त्याने निहारला घेतलं होतं, त्याला ढेरी होती या एकाच गुणवत्तेवर. निहार नागपूरचा, तिशीतला, एकटा राहणारा, व्हिसावर आलेला. मंडळात तो खुर्च्या उचलायला असे. मृणालिनीबाईंना तो मनापासून आवडत नसे. सदा उशिरा यायचा, सदा शर्ट चुरगळलेला, वाक्य विसरला की “सॉरी यार, एकदा पुन्हा” म्हणून दात काढायचा. संक्रांतीच्या कार्यक्रमाला तो सगळं आटोपल्यावर उगवला होता तेव्हा त्यांनीच त्याला चारचौघांत झापलं होतं, नागपूरकडे घड्याळं मिळत नाहीत का म्हणून. तेव्हाही तो हसला होता आणि खुर्च्या घड्या करायला लागला होता.

पडद्यावर या दोघांचं पटायचं नव्हतं, पण पडद्याबाहेरही पटेना.

“कट,” शैलेंद्र म्हणे. “निहार, ‘बसून राहिलो’ नाही. ‘बसलोय.’ आयर्लंड आहे हे, सीताबर्डी नाही.”

“आयर्लंडमधले लोक पुण्याचं मराठी बोलतात का, दादा?”

“स्टँडर्ड बोलतात.”

“आणि तुम्ही इतका वेळ बूटच दाखवून राहिले. बॉडीकडे एकदा तरी पाहाल ना, पोलीस आहात तुम्ही.”

शैलेंद्र पाहत नव्हता, कारण त्याला पाहवत नव्हतं. दिवसभरात तो पलंगापासून हातभर लांबच राहिला. बिस्किटांच्या प्रसंगात तर कहर झाला. प्रेताच्या उशाशी ठेवलेल्या बशीतलं बिस्किट खायचं होतं. रुचाने ती बशी उचलून बाहेर टाकली आणि गाडीतून नवा पुडा आणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. निहारला दर वेळी तिथवर चालत जावं लागे, आणि आळशी सार्जंट सगळ्या फिल्मभर व्यायाम करताना दिसला. प्रत्येक टेकनंतर रुचा फवाऱ्याच्या बाटलीतून सगळ्यांवर गंगाजल मारी. प्रेतावर मात्र मारत नसे. बटाटेवडे आणि मसालेभाताचे डबे दारात बंद पडून होते, कारण घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय कोणी तोंडात काही घालणार नव्हतं. ज्या बाईला मेलेली समजायचे पैसेसुद्धा कोणी घेतले नव्हते, तिच्यासाठी हे सुतक पाळत होते. मृणालिनीबाईंना मिटल्या डोळ्यांनी हसू येत होतं, आणि ते दाबणं एवढंच काय ते त्यांना अवघड गेलं.

आणि निहारही त्यातलाच. सार्जंट प्रेताचा हात हातात घेतो, असं कुमारने लिहिलं होतं. तालमींत निहारचा हात त्यांच्या हातावर येऊन अधांतरी थांबायचा, टेकायचा म्हणून नाही. घाबरट, त्या मनाशी म्हणाल्या. निदान बाकीच्यांना आपल्या भीतीची लाज नाही, याला ती हसून लपवता येते एवढंच.

दुपार कलली. मांजराचा शेवट झाला. मांजर कोणाचं तरी मऊ खेळणं होतं, ते दोरीने ओढलं, आणि निहार तीनदा बेशुद्ध पडला. मग शैलेंद्रचा फोन वाजला. शेताची मालकीण होती. पाचला एका अमेरिकन लग्नाचं वऱ्हाड लग्नाच्या तालमीला येणार होतं, तोवर खोपटं रिकामं हवं.

“चला, काकूंचा सीन,” शैलेंद्र म्हणाला. “क्विकली करून टाकू. एकच टेक.” मग तो शंतनूशी काहीतरी हळू बोलला, निहारशी काहीतरी हळू बोलला, आणि मोठ्याने म्हणाला, “ॲक्शन.”

टुक झालं नाही.

मृणालिनीबाई वाट पाहत राहिल्या. शंतनूच्या बुटांचा आवाज दाराकडे गेला. शैलेंद्र बाहेर मालकिणीला फोनवर ‘ऑलमोस्ट डन’ सांगत होता. म्हणजे हे असं होतं. म्हातारीच्या समाधानापुरता एक खोटा टेक, लहान मुलाला रिकाम्या कपातून चहा पाजावा तसा. उद्या सांगणार, काकू, फाइल करप्ट झाली. त्या संतापल्या. आता उठून बसायचं आणि एकेकाची अशी काढायची की पुढच्या संक्रांतीपर्यंत तोंड दाखवणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. शब्दसुद्धा जुळवले.

तेवढ्यात निहारने त्यांचा हात धरला. खरोखर धरला. त्याचा तळवा गरम आणि ओला होता.

“मेरी,” म्हातारीचं नाव घेऊन तो कुमारचं वाक्य म्हणू लागला, हळू, कारण ऐकायला कोणी नव्हतं. “पाऊस थांबलाय. डॉक्टर येईल आता. तो तुला नावानं हाक मारणार नाही, त्याला तुझं नाव माहीत नाही. म्हणून तो येईपर्यंत मी मारतो.” इथे तो थांबला. विसरला, मृणालिनीबाईंना वाटलं. नेहमीचंच.

“आई,” निहार म्हणाला.

त्या हलल्या नाहीत.

“आई, मी येऊन नाही राहिलो, तू वाट नको पाहू. व्हिसाचा स्टॅम्प नाही, इथून निघालो तर परत घेणार नाहीत म्हणते वकील. तू गेली तेव्हा आपल्या दादानं घरून व्हिडिओ लावला होता. त्याचे हात थरथरून राहिले होते, तर फोन वर झाला. मला सगळा वेळ पंखा दिसला. आपल्या बैठकीतला, एक पातं वाकलेलं. मी इथून ओरडलो, दादा, खाली कर. त्यानं म्यूट केलं होतं मला. मी पंख्याला नमस्कार केला, आई. मग त्यांनी तुला नेलं, आणि पंखाच राहिला.” त्याने नाक ओढलं. “कोणाला नाही सांगितलं. संक्रांत होती. सांगितलं असतं तर प्रोग्राम कॅन्सल केला असता त्यांनी, मग मी घरी बसून काय केलं असतं. खुर्च्या तरी उचलल्या. हात नाही धरता आला तुझा. आता तो पकडू नाही वाटत कोणाचा, भीती वाटते, थंड असेल म्हणून. हा गरम आहे. चांगलं आहे.”

मृणालिनीबाईंच्या जुळवलेल्या शब्दांतला एकही आता उपयोगाचा नव्हता. नागपूरकडे घड्याळं मिळत नाहीत का, हे मात्र त्यांना स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या टेचात, लख्ख ऐकू आलं. त्यांना स्वतःची इतकी घृणा वाटली की मंडळाबद्दल दिवसभर वाटलेली त्यापुढे किरकोळ होती. पण उठून बसणं शक्य नव्हतं. त्या उठल्या असत्या तर तो मेला असता. त्यांनी श्वास वरच्यावर ठेवला, जबडा सैल ठेवला. जन्मभराची विद्या त्यांना तिथे कामी आली.

निहारने हात हळूच खाली ठेवला.

“ओके, सुपर,” शैलेंद्र दारातून म्हणाला. “काकू, अमेझिंग. पॅक अप.”

“रेकॉर्ड झालं नाही,” मृणालिनीबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

रुचाच्या हातातली बाटली पडली.

“काकू, असं काय करताय, उठा ना.”

“कॅमेरा चालू केला नव्हता. चालू करा. तोवर मी मेलेली आहे.”

“काकू, प्लीज,” शैलेंद्र म्हणाला. “पाचला वऱ्हाड येतंय. वी आर आउट ऑफ टाइम.”

“मग मला उचलून न्या. चौघे पुरतात.”

कोणी पुढे झालं नाही. खोलीत पाच-सहा धडधाकट माणसं होती, जिममध्ये जाणारी, आणि एका एकाहत्तर वर्षांच्या जिवंत बाईला हात लावायची एकाचीही छाती होईना. पक्ष चालू होता, ती मेलेली आहे असं स्वतःच्या तोंडाने म्हणत होती, आणि मेलेल्याला उचलायचं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. शैलेंद्र एकदा पुढे सरकला तर रुचाच म्हणाली, “अहो, तुम्ही नका. बाबा आहेत अजून आपले.” बाहेर गाड्यांची दारं वाजली. कोणीतरी पांढऱ्या फुलांची कमान घेऊन मक्याच्या बाजूने येत होतं.

“शंतनू,” शैलेंद्र शेवटी म्हणाला, “ऑन कर.”

टुक.

निहारने हात धरला. या वेळी बोटांची टोकं फक्त. त्याने कुमारची वाक्यं म्हटली, पाठ केल्यासारखी, एकही न विसरता, स्टँडर्ड मराठीत. मेरीला मेरीच म्हणाला. ‘म्हणून तो येईपर्यंत मी मारतो,’ म्हणून थांबला, जिथे थांबायचं होतं तिथे. वाक्यं चांगली होती. कुमारला लिहिता येत होतं. आता ती राहतील, कोणी कापली तरी शंतनूकडे राहतील, त्यांनी ती मागून घ्यायचं ठरवलं. मिळवायचं ते त्यांनी मिळवलं होतं. प्रसंग मात्र साफ कोरडा झाला होता आणि तसा तो होणार हे ‘चालू करा’ म्हणतानाच त्यांना कळलं होतं.

टुक टुक. मंडळी गाड्यांकडे पळाली, शॉवरच्या ओढीने. कमानवाली मुलगी आत डोकावली, पलंगावरची बाई पाहून ‘ओह, सॉरी’ म्हणाली आणि मागे झाली. निहार तेवढा राहिला. त्याने हात पुढे केला. मृणालिनीबाई त्याला धरून उठल्या, पाठ धरली होती. उशीखालचं तुळशीचं पान त्यांच्या केसांत अडकलं होतं, ते त्याने काढलं.

“काकू,” तो म्हणाला, पायांकडे बघत. “ते मघाशी, पहिल्या वेळी, मी जे काही...”

“पहिल्या वेळी मी मेले होते,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “मला काही ऐकू आलं नाही.”

त्याने वर पाहिलं. त्यांनी पाहू दिलं, आणि नजर वळवली नाही. मग त्या दाराशी गेल्या, डब्याचं झाकण काढलं, आणि न धुतल्या हातांनी एक वडा त्याला दिला, एक स्वतः घेतला.

“काकू, आंघोळ!” रुचा गाडीच्या खिडकीतून ओरडली.

दोघं उंबऱ्यावर बसून खात राहिले. वडे गार झाले होते आणि मीठ कमी होतं.